‘फरक पडला नाही’ याचा अर्थ

पक्षाघाताच्या रुग्णाला रुग्णालयातून घरी आणले, की मुलुंड-बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात व्यायामाची जबाबदारी बहुधा पत्नीवर किंवा सुनेवर येते. अशा नातेवाइकांना खास शिकवणी दिल्यास रुग्ण अधिक स्वावलंबी होतो का, हे ‘अटेंड’ या चाचणीने तपासले. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवरील तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के निघाले.

यावरून ‘व्यायाम निरुपयोगी’ असा अर्थ काढून तो थांबवणे ही घोडचूक ठरेल. नेहमीचे उपचार दुसऱ्या गटालाही मिळतच होते. तुलना होती ती त्यावर दिलेल्या जादा शिकवणीची. शिवाय परावलंबन मोजणारी पट्टी ढोबळ असते. सदऱ्याचे बटण स्वतः लावता येणे ही घरच्यांना मोठी वाटणारी प्रगती तीत उमटेलच असे नाही.

डॉक्टरांसाठीही यात एक इशारा आहे. फिजिओथेरपिस्टची उणीव घरच्या माणसाने भरून काढावी, या सोयीच्या अपेक्षेला या आकड्यांचा आधार नाही. आणि रुग्ण उठून चालला नाही म्हणून सुनेला बोल लावण्यासही नाही.