वाजवून बघा, मग न्या

सकाळी साडेसात

शटर वर गेलं की आधी उदबत्ती आणि लगेच रेडिओ. माणदेशी तरंग, 90.4. म्हसवडमधूनच 2008 पासून चालणारं हे सामुदायिक केंद्र. दुकानात आलेला प्रत्येक नवा प्लेअर मी पहिल्यांदा याच केंद्रावर लावतो, पण तेवढ्यावर त्याला पास करत नाही. केंद्र गावातलंच, त्यामुळे इथं हलक्यातल्या हलक्या डब्यावरही ते खणखणीत लागतं. सामुदायिक केंद्रांची ताकद नियमानंच मर्यादित असते. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की आवाज विरळ होतो, आणि प्लेअरच्या आत काय माल आहे ते तिथं माळावर कळतं. म्हणून नवीन माल आला की त्यातला एखादा नग गाडीच्या डिकीत टाकून मी गावाबाहेर नेतो आणि तिथं लावून ऐकतो.

सध्या यात्रेचे दिवस आहेत. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो. त्याच्या आधीपासूनच पोटापाण्यासाठी पांगलेला माणदेश घरी परतायला लागतो. येणारा माणूस आईबापासाठी काहीतरी घेऊन जावं म्हणून दुकानात शिरतो आणि म्हणतो, "गाणी ऐकायचं द्या एखादं." मी कपाटाला हात लावायच्या आधी विचारतो: ऐकणार कोण, कुठं बसून, आणि चार्जिंग कुठं करणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्मं कपाट आपोआप बाद होतं.

सव्वाआठ

भवानी मेंढपाळ मामांच्या हातून झाली. खांद्यावर घोंगडी, खिशात बटणांचा मोबाइल.

"मामा, फोन आहे की. मग हे कशाला?"

"फोनवर गानी लावली की सांच्याला ब्याटरी मरती. रातच्याला मेंढराला काय झालं तर डाक्टरला फोन लावायचा कशानं?"

वेगळा प्लेअर का घ्यावा, याचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत वाचलेलं नाही. स्मार्टफोन आल्यावर गाण्यांच्या यंत्राची गरज संपली असं शहरात म्हणतात. रानात राहणाऱ्या माणसाचा फोन अडीअडचणीसाठी जपून ठेवायचा असतो. त्याला गाण्यासाठी दुसरं काहीतरी लागतंच.

मामांचं बिऱ्हाड घोड्यावर. आज इथं वाघर लावली, चार दिवसांनी पुढच्या शिवारात. लाइट मिळणार ती वाटेवरच्या हॉटेलात चहा होईपर्यंत. त्यांना मी बीएल-5सी बॅटरीचा प्लेअर दाखवला. जुन्या नोकिया फोनमध्ये असायची तीच ही 3.7 व्होल्टची बॅटरी, मागचं झाकण काढून बदलता येते. एक आत, एक भरलेली खिशात, असं केलं की काम भागतं. आतच चिकटवलेल्या बॅटरीचा प्लेअर दिसायला देखणा असतो, पण बॅटरी दमली की माणूस तो घेऊन पुन्हा इथवर येणार, आणि तोवर त्याचा वाडा कुठल्या कुठं गेलेला असणार.

दिवे लुकलुकणारा मोठा स्पीकर मामांनी स्वतःच बाजूला सारला. मी इअरफोन पुढं केला, तोही नाकारला. "कानात घातल्यावं कुत्रं भुकल्यालं ऐकू यील का?" बरोबर आहे. लांडगा आला की पहिली खबर कुत्र्याची. मग छोट्या स्पीकरचा, ठळक बटणांचा, दोरी अडकवायला कडी असलेला एक ठरला. मी तो रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला, मामा इकडे पायरीवर उभे राहिले. ओवीतला शब्द न् शब्द कळतो का ते बघितलं. नुसता मोठा आवाज काढणारे स्पीकर शब्द खाऊन टाकतात. धनगरी ओवी ही गोष्ट असते. तिच्यातला शब्द गेला की काहीच उरत नाही.

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणत मामांनी पैसे दिले.

दहा

गिऱ्हाईक प्लेअर निवडताना तासभर घेतं आणि मेमरी कार्ड मात्र "कुठलंबी द्या" म्हणून उचलतं. माझ्या मते इथंच सगळ्यात जास्त फसगत होते.

128 केबीपीएसची एमपी3 फाइल मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते. म्हणजे 32 जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून जास्त गाणी बसतात. रोज दोन तास ऐकलं तरी पुन्हा तेच गाणं यायला आठ-नऊ महिने जातील. मग 128 जीबीचं कार्ड कशाला? शिवाय 32 जीबीपर्यंतची कार्डं फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात, त्यापुढची एक्सफॅट पद्धतीनं. स्वस्तातल्या बहुतेक प्लेअरना एक्सफॅट वाचताच येत नाही. घरी गेल्यावर "नो कार्ड" दिसतं आणि माणूस समजतो की प्लेअर खराब निघाला.

बनावट कार्डांचा त्रास याहून मोठा. वर 64 लिहिलेलं, कॉम्प्युटरलाही 64च दिसतं, पण आत खरी जागा चार नाहीतर आठ जीबीची. पहिली काही गाणी व्यवस्थित वाजतात, पुढची भरली गेल्यासारखी दिसतात आणि वाजत नाहीत. म्हणून मी कार्ड काठोकाठ भरून, भरलेलं सगळं परत वाचून बघतो. वेळ लागतो. बाजारातून कार्ड घेणाऱ्यानं एवढं तरी करावं: कार्ड भरल्यावर शेवटचं गाणं लावून बघावं.

कॉलेजची दोन पोरं आली, "नवीन पिक्चरची गाणी भरून द्या" म्हणाली. मी भरून देत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्यानं गाणं बांधलं त्याचे पैसे मी खिशात घालावेत हे मला पटत नाही. ज्यांना तयार गाणी हवीत त्यांच्यासाठी सारेगामाचं कारवान आहे. जुन्या एचएमव्हीची हीच कंपनी. 2017 मध्ये तिनं पाच हजार गाणी भरलेला हा डबा काढला, पुढं मराठी गाण्यांचाही आणला. डबा महाग आहे, पण गाणी रीतसर आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला नुसती चकती फिरवून ती लावता येतात.

साडेअकरा

आजी आणि त्यांची नात. आजींची नजर मंदावलेली. नातीच्या मनात टॅब्लेट घ्यायचं होतं.

"आजी, काचेवर बोट फिरवायला जमेल?"

"मला नगं बाबा त्यो टच. दाबलं की वाजलं पायजे."

आजींच्या हाताला कळेल असं यंत्र हवं होतं. मी चार-पाच प्लेअर त्यांच्यापुढं मांडले आणि डोळे मिटून बटणं चाचपायला सांगितली. चालू-बंदचं बटण बाकीच्यांपासून लांब आहे का? आवाज वाढवणं आणि पुढचं गाणं लावणं एकाच बटणावर तर नाही ना? हलक्या प्लेअरमध्ये तसंच असतं, थोडं दाबलं तर गाणं बदलतं आणि दाबून धरलं तर आवाज वाढतो. थरथरत्या बोटांच्या माणसाला ते कधीच जमत नाही. आजींनी बाजूला आवाजाचं गोल चाक असलेला एक प्लेअर हातात धरला आणि सोडला नाही. मग बाकीचे मी आवरूनच ठेवले.

पडद्यावर गाण्याचं नाव दिसण्याचा इथं उपयोग नव्हता. तसंही स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. आजींना हवा होता क्रम: पहाटे भूपाळी, मग अभंग, दुपारी कीर्तन. यातली गोम नातीला समजावून सांगितली. असे प्लेअर अक्षरांच्या क्रमानं गाणी लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं फाइल उतरली त्या क्रमानं लावतात. सगळं एकदम निवडून कॉपी केलं की क्रम विस्कटतो. कार्ड मोकळं करायचं, फाइलींना 001, 002 असे आकडे द्यायचे आणि एकेक करून ओळीनं टाकायच्या.

जाता जाता नात म्हणाली, "माझ्या फोनमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यापण वाजतील का?"

का नाही वाजणार? फक्त फोननं त्या एम4ए मध्ये साठवल्या होत्या, आणि हा प्लेअर ते घेत नाही. एमपी3 करून आम्ही त्या कार्डावर चढवल्या. आजींनी स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग नातीला म्हणाल्या, "मधली एक इसारली बग मी." आणि तिथंच, काउंटरला टेकून, ती सुटलेली ओवी म्हणाल्या. नातीनं फोन धरला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. 2017 पासून त्या पारी या संस्थेच्या संग्रहातून लोकांपुढं येत आहेत. जातं घरातून गेलं आणि ओवी म्हणायची वेळही त्याच्याबरोबर गेली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या बाया आता आजी-पणजी आहेत. माझ्या दुकानातून जाणाऱ्या कुठल्याही यंत्राचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

दोन ते साडेतीन

डबा खाऊन दुरुस्त्या. चार्जिंगची पिन हललेली, आत फुफाटा गेलेला. आपल्याकडची धूळ बारीक, ती सॉकेटमध्ये दाबून बसते. झाकणाचा किंवा निदान खोल बसवलेल्या सॉकेटचा प्लेअर इथं जास्त टिकतो. जुन्या चपट्या पिनेपेक्षा सी-टाइप बरी, दोन्हीकडून बसते, त्यामुळे अंधारात जोर लावून पिन मोडत नाही. एका प्लेअरची बॅटरी फुगून आलेली, ती वेगळी काढून ठेवली. फुगलेली बॅटरी कुणी टोचू नये, दाबूनही बसवू नये. पेट घेते.

चार

गलाईच्या धंद्यातल्या घरचा तरुण. खानापूर, आटपाडी आणि आमच्या माण भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या कामानिमित्त देशभर पसरली आहेत. यात्रेला ती पोरं येतात आणि नव्या-नव्या वस्तूही त्यांच्याबरोबर येतात. याच्याकडे फ्लॅक फाइली होत्या आणि त्याला प्लेअरवर भरपूर खर्च करायचा होता.

अशा गिऱ्हाइकाशी बोलायला मला मनापासून आवडतं. 1979 च्या सोनी वॉकमनपासून आम्ही सुरुवात केली. 1998 चा कोरियन एमपीमॅन, 2001 चा आयपॉड, 2022 मध्ये ॲपलनं तो बंद केला इथपर्यंत आलो. सोनी मात्र अजून वॉकमन याच नावानं डिजिटल प्लेअर विकते. सीडीचा आवाज सेकंदाला 1411 किलोबिटांचा. फ्लॅक तो काहीही न गाळता घडी घालून ठेवतं, एमपी3 मात्र कानाला सहज कळणार नाही असं वाटतं ते टाकून देतं.

मग मी त्याला एकच गाणं 128, 320 आणि फ्लॅक अशा तीन प्रकारांत ऐकवलं, कुठलं कुठलं आहे ते न सांगता. 128 त्यानं लगेच ओळखलं, झांजेचा आवाज किरटा येतो. 320 आणि फ्लॅकमध्ये तो अडला. नंतर तेच 320 चं गाणं त्याच्या हलक्या इअरफोनवर आणि माझ्याकडच्या चांगल्या इअरफोनवर लावलं. तो फरक त्याला एका क्षणात कळला. माझा सल्ला ठरलेला आहे: पैसे आधी इअरफोनवर, प्लेअरवर नंतर. आणि तो इअरफोन कानात नीट बसला पाहिजे, सैल असला की माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तासांची मर्यादा सांगते, मुलांसाठी ती 75 डेसिबलला आहे. भट्टीजवळ, पंख्याच्या आवाजात काम करणाऱ्यानं तर हे लक्षात ठेवायलाच हवं. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवत राहिलं की कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

त्यानं प्लेअर घेतला नाही. इअरफोन घेतला.

सहा

गजीनृत्याच्या मंडळातले चौघे. सरावासाठी काहीतरी हवं होतं. ढोलाची घाई कुठं होते ते स्वतःचंच ऐकून सुधारायचं. त्यांना रेकॉर्डिंगची सोय असलेलं यंत्र दिलं आणि एक सूचना केली: ढोलाच्या पुढ्यात ठेवू नका, आवाज फाटतो, दहा-बारा पावलं मागं ठेवा. छोट्या स्पीकरवर ढोलाची धुम ऐकू येत नाही, नुसती टिपरी येते. म्हणून ऐकताना तार लावून मोठ्या स्पीकरला जोडायचं. त्यासाठी 3.5 मिलिमीटरचं छिद्र असलेलाच प्लेअर घ्यावा. हल्ली ते काढून टाकायची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही.

साडेसात

एका वडीलधाऱ्या काकांना सांगली आकाशवाणी हवी होती. 1963 पासूनचं केंद्र, त्यांचं बालपण तिथल्या कार्यक्रमांवर गेलेलं. नव्या प्लेअरमध्ये बहुधा नुसतं एफएम असतं, मीडियम वेव्ह नसते. खोक्यावर "रेडिओ" लिहिलंय म्हणून सगळी केंद्रं लागतील असं धरून चालू नये. काकांना दोन्ही पट्ट्यांचा साधा रेडिओच दाखवला, त्यालाच कार्डाची खाच आहे.

साडेआठ

शटर खाली घेताना यात्रेला येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. प्लेअर कुठूनही घ्या, पण घरातल्या माणसाच्या हातात देऊन, वाजवून बघून घ्या. आणि घरात ओवी, भारूड, धनगरी गाणं येणारं कुणी असेल तर या चार दिवसांत ते उतरवून ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर धरा. सुरुवातीला म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा, कार्डं खराब होतात.