गोळी डबीतच राहिली तर?

मुंबई-आग्रा महामार्ग चांदवडवरून जातो. कांद्याच्या हंगामात बाजार समितीबाहेर मालट्रकांची रांग लागते. चालक आणि क्लीनर महिना-महिना घराबाहेर असतात. एड्सचा विषय निघाला की आपण सर्वप्रथम यांच्याकडेच बोट दाखवतो. पण त्यांच्या हाती काय द्यायचे, याचा विचार क्वचितच होतो.

निरोध तर हवाच. त्याच्या जोडीला आता एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी आहे. तिला 'प्रेप' म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे तिच्यात असतात. विषाणू शरीरात शिरला तरी ती त्याला वाढू देत नाहीत. 'नाको' या केंद्रीय संस्थेने 2022 साली तिच्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. रोज नियमाने घेतल्यास शारीरिक संबंधातून होणारी लागण जवळजवळ पूर्णपणे टळते.

घोडे अडते ते 'नियमाने' या शब्दापाशी.

दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वे येथे पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर 'व्हॉइस' नावाची मोठी चाचणी झाली. 2013 साली निष्कर्ष आले, तेव्हा औषधाचा उपयोग दिसेना. जवळजवळ सगळ्या जणी 'औषध रोज घेतो' असे सांगत होत्या. रक्त तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून कमी नमुन्यांत औषध सापडले! म्हणजे औषध निकामी नव्हते, ते पोटातच गेले नव्हते. पुढे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्यावर कारणे कळली. हीच औषधे एचआयव्ही रुग्णांनाही देतात. डबी कोणी पाहिली तर आपल्यालाच रोग आहे असे समजतील, ही भीती होती. नवऱ्याचा विरोध होता. काहींना आपल्याला धोका आहे असे वाटतच नव्हते.

ही कारणे आपल्या तालुक्यात कोणाला परकी वाटतील? आणि खोटे का सांगितले म्हणाल, तर ती सवय आम्ही डॉक्टरांनीच लावली आहे. गोळी चुकली म्हणताच रागावले, की पुढच्या वेळी पेशंट 'घेतली' म्हणून मोकळा होतो.

याउलट कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रेपचा प्रयोग चालवला. त्यांच्यातल्याच बायका घरोघरी जाऊन विचारपूस करीत. तिथे बहुतेक जणी शेवटपर्यंत टिकल्या. विचारणारी आपलीच असली की चुकलेली गोळीही सांगता येते.

आता थोडे व्यवहाराचे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. बऱ्याच जणांचे औषध तिथेच सुटते. हा त्रास बहुधा आपोआप जातो. गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावी. चालकाने सकाळी गाडीची हवा-पाणी पाहतानाच घ्यावी. कंपनीची डबी नको असेल तर साधी कोरडी, घट्ट झाकणाची डबी चालेल. एखादी चुकली तर आठवताच घ्यावी, घाबरून पुढच्या सोडू नयेत.

सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे, नंतर दर तीन महिन्यांनी. नकळत लागण झालेल्याने या दोनच औषधांवर राहिल्यास विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. मूत्रपिंड आणि कावीळ 'ब' यांची तपासणीही लागते. गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, म्हणून निरोध सोडू नये.

ही गोळी जन्मभराची नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. धोका संपला तर डॉक्टरांना विचारून थांबवता येते, पुन्हा लागली तर तपासणी करून सुरू करता येते. म्हणून मध्येच सोडलेल्याने शरमेने दवाखान्याचा रस्ता टाळू नये.

धोक्याचा संबंध होऊन गेला असेल, तर प्रेपची वाट पाहू नका. 72 तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितके, सरकारी रुग्णालय गाठा. 28 दिवसांचे वेगळे औषध असते. 2017 च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आधी फोनवर विचारायचे असेल तर 1097 हा क्रमांक मोफत आहे, आणि नाव सांगावे लागत नाही.