एक निरीक्षक, दोन मापे

अंधेरी पूर्वेच्या सीप्झच्या कुंपणाआड, दागिन्यांच्या आणि संगणकाच्या कंपन्यांच्या मधोमध, एका जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर गेलेले, दर्शनी भाग मात्र अजून ताठ. येशूसंघाच्या पाद्र्यांनी संत योहान बाप्तिस्ताच्या नावाने हे चर्च बांधले १५७९ साली. त्याच वर्षी जुलैमध्ये अलेस्सांद्रो वालिन्यानो नावाचा इटालियन पाद्री जपानच्या कुचिनोत्सु बंदरात उतरला, आणि ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण लिस्बनहून गोव्याला पोहोचला. या तिन्ही घटना एकाच धर्मसंस्थेच्या, एकाच कारभाराखालच्या. त्यांना जोडणारा माणूस होता वालिन्यानो. मुंबईच्या साष्टी बेटावरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना त्याचे नाव क्वचितच निघते. ते निघायला हवे, कारण आशियातील मिशनांकडे वरून पाहणारी नजर कशी घडते आणि कुठे चुकते, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणात दिसत नाही.

मोझांबिकपासून जपानपर्यंत

वालिन्यानोचा जन्म १५३९चा, नेपल्सच्या राज्यातील क्येती गावचा. पादुआत कायद्याची पदवी घेऊन तो १५६६ साली येशूसंघात आला. १५७३ मध्ये संघप्रमुख एव्हरार्ड मर्क्युरियन यांनी त्याला पूर्वेकडील सर्व मिशनांचा निरीक्षक नेमले, तेव्हा तो अवघा ३४ वर्षांचा होता. अधिकार मात्र प्रचंड. मोझांबिकपासून गोवा, कोची, मलाक्का, मकाव आणि जपानपर्यंतच्या प्रत्येक मठात, शाळेत, चर्चमध्ये जाऊन पाहणी करायची, माणसे बदलायची, नियम घालून द्यायचे आणि रोमला अहवाल पाठवायचा. रोमला पत्र लिहून उत्तर हाती यायला कित्येकदा तीन-चार वर्षे लागत. म्हणजे प्रत्यक्षात निर्णय त्याचाच.

६ सप्टेंबर १५७४ रोजी तो गोव्याला पोहोचला. पुढच्या वर्षी त्याने दक्षिणेकडील मिशने पाहिली आणि डिसेंबरमध्ये गोव्याजवळच्या चोडण बेटावर ज्येष्ठ पाद्र्यांची सल्लासभा भरवली. लोकांची भाषा शिकल्याशिवाय धर्मोपदेशकाचे काम होत नाही, हे त्याचे ठाम मत होते. दुभाष्याच्या तोंडून सांगितलेला धर्म टिकत नाही, हे त्याने ओळखले होते.

त्या वेळी आपली उत्तरेकडची साष्टी कशी होती? १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात आजच्या वांद्र्यापासून बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, ठाण्यापर्यंतचे हे सगळे बेट आले. सैनिकांपाठोपाठ फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात फ्राय अंतोनियो दो पोर्तो याने शिवाच्या देवस्थानाचे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ व शाळा उभी राहिली. येशूसंघीयांनी वांद्रे, ठाणे आणि अंधेरीचा पट्टा धरला. वांद्र्याच्या कोळ्यांत काम करणारा मानुएल गोमेस हा पाद्री ‘साष्टीचा प्रेषित’ म्हणून ओळखला गेला.

जपानला एक न्याय

जपानात वालिन्यानोला जे दिसले त्याने तो हादरला. तिथला मिशनप्रमुख फ्रान्सिस्को काब्राल जपानी लोकांना तुच्छ लेखत असे. आपले पाद्री भाषा शिकत नाहीत आणि जपानी साहाय्यकांना खालचे मानतात, हे पाहून वालिन्यानोने काब्रालला पदावरून दूर केले. १५८१ मध्ये त्याने वर्तनाचे नियमच लिहून काढले. पाद्र्यांनी जपानी रीतीने बसावे, जेवावे, नमस्कार करावा. घरे जपानी पद्धतीची असावीत. प्रत्येक ठिकाणी पाहुण्यासाठी चहाची व्यवस्था असावी. मान-मरातबाची उतरंड त्याने झेन मठांच्या धर्तीवर बसवली. अरिमा आणि अझुची इथे जपानी मुलांसाठी विद्यालये निघाली, जपानी तरुणांना संघाचे दार उघडले. १५८२ मध्ये चार जपानी मुलांना घेऊन तो युरोपच्या वाटेने निघाला. १५८३ साली ती गोव्याला आली आणि १५८५ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींसमोर उभी राहिली. चीनसाठी त्याने भारतातून मिकेले रुज्जिएरी आणि मात्तेओ रिच्ची यांना मकावला बोलावून चिनी शिकायला बसवले. चीनमधल्या मिशनचा पुढचा सगळा इतिहास त्या निर्णयातून निघाला.

जपानी मुले युरोपला गेली, पण वालिन्यानो स्वतः गोव्यातच थांबला, कारण त्याला भारताचा प्रांतप्रमुख नेमले गेले होते. १५८३च्याच जुलैमध्ये गोव्यातल्या साष्टी नावाच्याच तालुक्यात कुंकळ्ळी इथे पाच येशूसंघीय मारले गेले. देवळे पाडल्याचा राग गावात धुमसत होता. मृतांमध्ये अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला रुडोल्फ अक्वाविव्हा होता.

साष्टीला दुसरा

आणि भारताविषयी या माणसाने काय लिहिले? आपल्या अहवालांत त्याने जपानी आणि चिनी लोकांना ‘गोऱ्यां’त धरले, भारतीयांना ‘काळ्यां’त. भारतीय माणूस बुद्धीने आणि स्वभावाने उणा, म्हणून त्याला संघात घेऊ नये, असा त्याचा स्पष्ट सल्ला होता. कोल्लमचा ब्राह्मण पेरो लुईस १५६१ साली संघात आला आणि १५७५ साली, वालिन्यानो भारतात असतानाच, त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. आपल्या देशबांधवांनाही घ्यावे, अशी विनंती त्याने रोमला केली. ती फळाला आली नाही.

एकाच माणसाची ही दोन मापे कशी? वंशाविषयीचा पूर्वग्रह हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. जपानात मिशनच्या पाठीशी तोफ नव्हती. तिथे दाइम्योच्या, म्हणजे स्थानिक सरदाराच्या, मर्जीवर चर्च उभे राही आणि त्याच्याच मर्जीने पडे. १५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा वालिन्यानोला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील बनून, अरबी घोडा आणि नजराणे घेऊन, १५९१ साली क्योटोच्या दरबारात उभे राहावे लागले. साष्टीत वसईचा किल्ला होता, फौज होती, जमिनीचा महसूल होता. जिथे सत्ता नव्हती तिथे पाहुणा शिकला. जिथे सत्ता होती तिथे त्याला शिकायची गरज वाटली नाही. मिशनच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच आहे.

वसईच्या एका मुलाच्या आयुष्यात ही दोन मापे एकत्र येतात. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई वसईची. तरुणपणी तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, भाषा अस्खलित शिकला, वर्षानुवर्षे त्यांचा साहाय्यक राहिला. संघात प्रवेश मात्र त्याला मिळाला नाही, असे त्याची चरित्रे सांगतात. तो व्यापारात शिरला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारले गेले, त्यांत तो होता. १८६२ साली रोमने त्याला संत घोषित केले. भाषा शिका, लोकांत मिसळा, हा वालिन्यानोचा आदर्श वसईच्या या मुलाने पूर्णपणे जगून दाखवला.

लोकांनी केलेले काम

वरून जे आले नाही ते साष्टीच्या लोकांनी खालून केले. मरोळ, कोंदिवटे, गुंदवली, वेसावे, गोराई, मनोरी इथल्या पाखाड्यांतून नवा धर्म जुन्या शेतीच्या पंचांगात बसला. ऑक्टोबरमध्ये भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेरा, लग्नाच्या वेळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणलेले उंबराचे पाणी, बायकांचे लुगडे, घरातली मराठी बोली: यातले काहीही कोणत्या निरीक्षकाच्या आज्ञेने आलेले नाही. शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, आज्यांनी ते जपले. पुढे १८८७ मध्ये या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, पण त्याची जडणघडण त्याआधीच तीनशे वर्षे चालू होती.

आणि स्टीफन्स? गोव्याच्या साष्टीत तो चाळीस वर्षे राहिला. लोकांना पुराण ऐकण्याची सवय आणि ओढ आहे हे त्याने मान्य केले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. वालिन्यानोने जपानी चहाला जो मान दिला, तो मराठी ओवीला स्टीफन्सने दिला. फरक इतकाच, की स्टीफन्सकडे निरीक्षकाचा अधिकार नव्हता, मुक्काम होता.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लोकांनी खालून केलेल्या या कामाची परीक्षा झाली. युरोपीय पाद्र्यांना जावे लागले. मंडपेश्वरात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. तरीही मराठ्यांच्या राज्यात साष्टीचा ख्रिस्ती समाज टिकला, तो देशी पाद्र्यांच्या आणि कुटुंबांच्या बळावर. ज्यांना वालिन्यानोने अपात्र ठरवले होते, त्यांनीच चर्च सांभाळले. अंधेरीचे ते चर्च १८४० साली रोगाच्या साथीत सोडावे लागले. वस्ती मरोळला सरकली, तिच्याबरोबर चर्चही.

आजची भेट

वालिन्यानो २० जानेवारी १६०६ रोजी मकावला वारला. त्यानंतर भेटींची दिशा हळूहळू पालटली. १९५३ मध्ये मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस पहिले भारतीय कार्डिनल झाले. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले. मुंबईचेच कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस पुढे आशियातील बिशपांच्या महासंघाचे प्रमुख झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. भारतीय माणूस धर्मगुरुपदाला पात्र नाही, या जुन्या निकालाला याहून पूर्ण उत्तर नाही.

तरी प्रश्न मिटलेला नाही. आज मुंबईहून कोणी ज्येष्ठ धर्मगुरू डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, ईशान्य भारतात किंवा म्यानमारच्या वस्त्यांत पाहणीला जातो, तेव्हा वालिन्यानोची दोन्ही मापे त्याच्याही खिशात असू शकतात. दाइम्योच्या अंगणात जी नम्रता दाखवली जाते ती वारल्यांच्या ओसरीवरही दाखवता यावी. त्यांच्या भाषेत बोलणे, त्यांच्यातून धर्मगुरू घडवणे आणि त्यांनी स्वतः जे जपले आहे त्याला अहवालात पहिले स्थान देणे, ही त्या नम्रतेची किमान अट आहे. साष्टीच्या लोकांनी चारशे वर्षे वाट पाहून ती सिद्ध केली. पुढच्या कोणावर तितकी वाट पाहण्याची वेळ येऊ नये.