सुट्टीच्या दुपारी मित्राचे घोरणे नीट ऐका

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे बाकीच्यांचा सोमवार तो आमच्याकडचा शुक्रवार. अशाच एका शुक्रवारी सकाळी दवाखान्यात दोघे आले. पेशंट होता ३६ वर्षांचा, चाकणजवळ पॉवर प्रेसवर काम करणारा ऑपरेटर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो गप्पच होता, बोलत होता तो मित्र. "डॉक्टर, हा झोपेत मरतो आणि परत जिवंत होतो."

आदल्या दिवशी आयटीआयपासूनचे हे चार मित्र चिखलीत एकाच्या घरी जमले होते. ठरवलेले काहीच नव्हते. उशिरा पोहे, दुपारी मटण-भात, मग हॉलमध्ये सतरंजी टाकून टीव्हीवर मॅच. आमचा ऑपरेटर पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. सगळे हसले. एकाने गंमत म्हणून मोबाइल काढला आणि शूटिंग करता करता त्याचे हसू थांबले. घोरणे अचानक बंद झाले होते. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मोबाइलवर २२ सेकंद झाले, मग एक मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास आणि पुन्हा घोरणे. असे तासाभरात कितीतरी वेळा झाले.

मी ब्लडप्रेशर पाहिले: १६०/१००. सकाळी डोके जड असते का? "रोज." दिवसा झोप येते? त्याने मान खाली घातली. मशीनवर उभ्या उभ्या डुलकी लागते, असे तो म्हणाला. प्रेसवर डुलकी म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. बोटे गमावलेले हात माझ्या टेबलावर बरेच आले आहेत.

हे होते काय?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती श्वास ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. हे दहा सेकंद किंवा जास्त चालले की रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो आणि घशाची वाट उघडते. माणसाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा होत असेल तर सहसा काळजी नसते, तिसाच्या पुढे गेले की आजार तीव्र समजतात. दर वेळी हृदयाची धडधड आणि प्रेशर उसळी मारते. म्हणून गोळ्या घेऊनही प्रेशर आटोक्यात येत नसेल, तर आम्ही झोपेबद्दल विचारतो. वजन जास्त आणि मान जाड असेल तर शक्यता वाढते, पण बारीक माणसालाही हा आजार होतो.

या आजाराची अडचण अशी की तो रुग्णाला स्वतःला दिसत नाही. "झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का?" हा आमचा ठरलेला प्रश्न आणि तो सोबत आलेल्यालाच विचारावा लागतो. या ऑपरेटरची बायको-मुले लातूरकडे गावी. खराबवाडीतल्या रूमवर आणखी दोघे राहतात, पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक उठतो तेव्हा दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. गेल्या दोन वर्षांत त्याला झोपलेले कुणी पाहिलेच नव्हते. ते पाहिले या आळशी गुरुवारने.

असा दिवस वाया जातो का?

बरेच पेशंट मला विचारतात, सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम केला तर काय बिघडते? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून काढलेला अंदाज त्यांना सांगतो. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. घरभाडे, हप्ते मलाही कळतात. तरी आठवड्यातला तो एक दिवस विकू नका, असे मी म्हणतो.

आणि तो दिवस एकट्याने मोबाइल बघत काढण्यापेक्षा जवळच्या माणसांत काढा. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, तीन लाखांहून अधिक लोकांचे. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. मैत्रीने आयुष्य वाढतेच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण मला वाटते, एक कारण अगदी साधे असावे: कुणीतरी आपल्याकडे बघत असते. सारखा पाणी पितोस, दर अर्ध्या तासाने बाथरूमला जातोस, दोन जिने चढून धापतोस, हे जुना मित्र तोंडावर सांगतो.

पार्टी असेल तर

दारू पिऊ नका, हे सांगणे माझे काम आहे आणि मी ते सांगतो. तरी ग्लास भरले जातात, म्हणून पुढचेही सांगतो. दारूने घसा आणखी सैल पडतो, त्यामुळे अॅप्निया असलेल्याचा श्वास जास्त वेळ बंद राहतो. वर झोपेची गोळी म्हणजे दुप्पट धोका. एरवी धडधाकट माणसाचेही सुट्टीत भरपूर पिण्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याला 'हॉलिडे हार्ट' असे नावच दिले.

त्याहून फसवी गोष्ट मधुमेहाची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, जेवण लांबवून दारू प्यायली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एरवी लिव्हर साठवलेली साखर सोडून सावरते, दारू असताना त्याला ते नीट जमत नाही. मग घाम येतो, हात थरथरतात, बोलणे बरळल्यासारखे होते. मित्र म्हणतात, "चढली याला, झोपू दे." झोपू देऊ नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

तिसरी शिफ्ट करून थेट लोणावळ्याला गाडी काढणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस प्रयोगात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखा वागतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आधी घरी चार-पाच तास झोपा, दुपारी भेटा. लोणावळा कुठे जात नाही.

आमच्या ऑपरेटरची स्लीप स्टडी झाली, त्यात तासाला ४१ वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. आता तो रात्री सीपॅप मशीन लावून झोपतो, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे. पहिला आठवडा त्याने मास्कला शिव्या घातल्या. डोकेदुखी पंधरा दिवसांत गेली, प्रेशरची गोळी मात्र चालू आहे. सौम्य आजारात कुशीवर झोपणे, वजन आणि दारू कमी करणे यानेही फरक पडतो. ईएसआय कार्ड असेल तर तपासणीसाठी रेफरलबद्दल तुमच्या ईएसआय दवाखान्यात विचारा.

तुमचा मित्र असा झोपलेला दिसला, तर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दिसेल असा. ग्रुपवर टाकू नका. उठल्यावर त्यालाच दाखवा आणि डॉक्टरकडे येताना मोबाइलसह दोघेही या.