गारठलेले वॉल्व्ह आणि मामांचे कान

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रेडिओच्या वॉल्व्हवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मंडळी हसतील. हसोत बापडी. शिक्षणासाठी मी तालुक्याच्या गावी मामांकडे राहते आणि मामांचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान घराच्या ओसरीतच आहे. माझ्या पुस्तकांच्या फळीखाली त्यांच्या वॉल्व्हची खोकी आहेत. काही फिलिप्सची, काही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. रेडिओ घेऊन आता फारसे कोणी येत नाही. परंतु वॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर हौसेने बाळगणारे लोक पत्ता शोधत पुण्याहूनसुद्धा येतात.

गेल्या दिवाळीच्या सुमारास असेच एक गृहस्थ आले. त्यांच्याजवळ ईसीसी ८३ जातीचे, एकाच कंपनीचे दोन वॉल्व्ह होते. एकावर निळा ठिपका होता. तो म्हणे द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांपर्यंत नेऊन परत आणलेला. परदेशात काही व्यापारी वॉल्व्हवर अशी प्रक्रिया करून ते चढ्या भावाने विकतात. "आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे," गृहस्थ म्हणाले, "तुम्हीच ऐका. आणि असे मागवून ठेवा, दुप्पट भावाने माझे चार मित्र घेतील." मामांनी दोन्ही लावून ऐकले आणि ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "कान गेले वाटतं माझे."

चाळीस वर्षे नुसत्या खरखरीवरून सेटचा आजार ओळखणाऱ्या माणसाने असे म्हणावे, याचे मला फार वाईट वाटले. या लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे.

प्रथम थंडीविषयी. द्रवरूप नायट्रोजन आपल्या खेड्यापाड्यांना नवा नाही. गाईच्या कृत्रिम रेतनासाठी गुरांच्या दवाखान्यात जो वाफाळणारा कॅन असतो, त्यात तोच असतो. आता थंडीने धातू सुधारतो काय? माझे वडील लोहारकाम करतात, त्यामुळे येथे मला थोडा घरचा आधार आहे. विळा लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवला, म्हणजे त्याला पाणी पाजले, की पोलाद कठीण होते. तापलेल्या पोलादातील अणूंची जी मांडणी असते तिला ऑस्टेनाइट म्हणतात. एकाएकी थंड होताच ती बदलून मार्टेन्साइट नावाची कठीण मांडणी तयार होते. परंतु कार्बन जास्त असलेल्या आणि इतर धातू मिसळलेल्या पोलादात हा बदल नेहमीच्या हवेच्या तापमानाला पुरा होत नाही, काही ऑस्टेनाइट तसेच राहून जाते. ते शून्याच्या बरेच खाली नेले की उरलेल्यातील पुष्कळसे बदलते. म्हणून कारखान्यांत काही हत्यारांना अशी थंडी देतात व मागाहून पुन्हा मंद आच देतात. वडिलांना मी हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी पाणी पाजायचं ऱ्हायलेलं पुरं करायचं." याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकातही सापडली नाही.

तेव्हा धातू थंडीने सुधारतो ही निव्वळ थाप नव्हे. प्रश्न असा, की वॉल्व्हमध्ये पाणी पाजायचे राहिलेले काय आहे?

वॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला वॉल्व्ह केला. डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात आणखी एक तार घातली आणि तिच्यातून पुढे क्षीण आवाज मोठा करण्याची युक्ती निघाली. मधोमध निकेलची बारीक नळी असते व तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. ती तापली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेच्या जाळीतून वाट काढतात आणि बाहेरच्या प्लेटवर जाऊन पोहोचतात. जाळीवरचा विजेचा दाब किंचित कमीजास्त केला की प्रवाह त्याप्रमाणे हलतो. आवाज वाढतो तो असा.

यात विळ्याचे पोलाद कोठेच नाही. निकेलमध्ये ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होण्याचा प्रकार नाही. शिवाय मधली नळी काम करताना सातशे-आठशे अंशांपर्यंत तापते, अंधारात तिची लाली दिसते. थंडीने तिच्या धातूत काही घडले असे घटकाभर मानले, तरी रोज संध्याकाळी तिला लोहाराच्या भट्टीसारखी आच मिळते. त्या आचेत ते टिकणार कसे? जाळी आणि प्लेट वापरात तेवढ्या तापत नाहीत हे खरे. परंतु नळीतील हवा काढताना धातूत दडलेले वायू बाहेर यावेत म्हणून कारखान्यात प्लेटही लाल होईपर्यंत तापवतात.

आणखी एक गोंधळ होतो. तांबे गार असताना विजेला कमी विरोध करते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये तो विरोध आठव्या हिश्श्याच्या आसपास येतो. पण बाहेर काढून तांबे पुन्हा कोमट झाले की विरोध होता तेवढाच होतो. गार असणे आणि पूर्वी कधी गार झालेले असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. धोका मात्र खरा आहे. काच आणि तिच्यातून बाहेर येणाऱ्या तारा यांचे आकुंचन जुळावे लागते. तेथे सूक्ष्म भेग पडून हवा शिरली, की काचेवरचा बेरियमचा चंदेरी आरसा पांढरा पडतो आणि वॉल्व्ह संपतो. असे पांढरे पडलेले वॉल्व्ह मामांनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवले आहेत, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

एवढे सगळे मी मामांना समजावले. ते म्हणाले, "पुस्तक राहू दे. त्यांना ऐकू येतं, मला येत नाही, त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा मला वर्गात ऐकलेली चहाची गोष्ट आठवली. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीवरून सांगू, असे एक बाई म्हणत. यावर फिशर यांनी आठ कपांचा प्रयोग मांडला आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली. चार कप एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम कोणालाही न सांगता. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणून केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरांत एक.

ते गृहस्थ भले होते, लगेच तयार झाले. रविवारी दुपारी मामीने चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवला. मी खोक्याच्या पुठ्ठ्याआड बसून वॉल्व्ह बदलत होते आणि दोघे पाठमोरे बसून आपापल्या कागदावर लिहीत होते. दर वेळी सेट बंद करायचा, वॉल्व्ह निवू द्यायचा, दुसरा लावून तापू द्यायचा. त्यात संध्याकाळ झाली, आणि तेच गाणे आठ वेळा ऐकून शेजारी विचारायला आले.

ठिपक्याच्या चार वेळांपैकी गृहस्थांच्या दोन बरोबर आल्या, मामांच्या तीन! मामांचा चेहरा असा खुलला की मला पुढचे सांगवेना. पण सांगावे लागले. तीन किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याचे प्रकार सत्तरांपैकी सतरा आहेत. म्हणजे डोळे मिटून लिहिले तरी साधारण चारांत एकदा असे होणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढेच.

समजा, चारही बरोबर आल्या असत्या, तरी काय ठरले असते? हे दोन वॉल्व्ह वेगळे आहेत, एवढेच. एकाच खोक्यातले दोन नवे वॉल्व्ह मामांच्या मापनयंत्रावर लावले तरी काटा एका जागी थांबत नाही. एकाने आवाज किंचित मोठा केला तर तोच आपल्याला गोड वाटतो. तर्कशास्त्रात मिल यांची व्यतिरेक-पद्धती आपण शिकतो: एक गोष्ट सोडून बाकी सर्व सारखे हवे. येथे बाकी सारखे नव्हतेच. त्यासाठी पुष्कळ वॉल्व्ह आधी मोजायचे, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना थंडी द्यायची, निम्म्यांना तसेच ठेवायचे, आणि कोणते कोणते हे न कळू देता पुन्हा मोजायचे व ऐकायचे, असे करावे लागेल. विकणारा आधी चांगले निवडून मग ते गार करत असेल, तर मोल निवडीचे आहे, थंडीचे नाही. थंडीने वॉल्व्ह सुधारत नाही असेच माझे मत झाले आहे. पण ते वरच्या धातुविचारावर उभे आहे, आमच्या रविवारच्या प्रयोगावर नव्हे.

मामांनी गृहस्थांना स्पष्ट सांगितले, "मला पटल्याशिवाय दुप्पट भावाने मी विकणार नाही." मिळकत बुडाली, हे मामीने दोनदा ऐकवले. गृहस्थ रागावले नाहीत. निळ्या ठिपक्याचा वॉल्व्ह रुमालात गुंडाळून घेऊन गेले आणि संक्रांतीनंतर दुसरा सेट दुरुस्तीला घेऊन आले.

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत की नाहीत, ते राहिलंच," मामा त्या रात्री म्हणाले होते. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मामी दर सोमवारी आठवण करून देते. ते अजून गेलेले नाहीत.