खर्जाचे वाद्य

गणेशोत्सवाच्या मांडवात एखादा वाद्यवृंद रंगात आला म्हणजे श्रोत्यांचे लक्ष प्रथम गायकाकडे जाते, मग ढोलकीकडे आणि की-बोर्डकडे. मागच्या बाजूला, तालवाद्यांच्या शेजारी, लांब दांडीचे व चार जाड तारांचे वाद्य गळ्यात अडकवून एक वादक उभा असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या वाद्याचा नाद कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतो. ते मध्येच थांबले, तर काय बिघडले हे श्रोत्यांना सांगता येत नाही. गाणे मात्र एकाएकी पोकळ वाटू लागते. हे वाद्य म्हणजे बेस गिटार. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी ते हौसेने वाजवीत आहे, म्हणून त्याच्याविषयी चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

तानपुऱ्याच्या सर्वांत जाड तारेला आपण खर्ज म्हणतो. बेस गिटार हे जणू केवळ खर्जाच्या तारांचे वाद्य होय. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढील तीन तारांची कंपने अनुक्रमे सुमारे ५५, ७३ व ९८ इतकी असतात. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून पुढचा नाद ऐकू येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हे वाद्य आपल्या श्रवणशक्तीच्या अगदी तळाशी वावरते असे दिसून येईल. कोणत्याही तारेला षड्ज मानले, की तिच्या पुढची तार शुद्ध मध्यमात लागलेली असते.

पूर्वी हे काम डबल बेस नावाचे वाद्य करीत असे. व्हायोलिनसारख्या आकाराचे, पण माणसाहून उंच असे ते धूड घेऊन प्रवास करणे मोठे संकट असे. शिवाय विजेवरची गिटार प्रचारात आल्यावर त्याचा आवाज इतर वाद्यांच्या गलबल्यात बुडून जाऊ लागला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिॲटल शहरी पॉल टुटमार्क यांनी आडवा धरून वाजविण्याचा विजेवरचा बेस तयार केला होता. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. तो मान १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांना मिळाला. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती! डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात. त्यामुळे बोट किंचित सरकले तरी स्वर ढळतो. फेंडर यांनी आपल्या वाद्याच्या दांडीवर पडदे बसविले आणि त्याला ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे अचूक स्वराचा बेस, असे नाव दिले. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच होती, आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य लवकरच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजविलेली बेस गिटार आपण सर्वांनी ऐकलेली आहे, जरी वादकाचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी.

या वाद्याला सतारीसारखा भोपळा नसतो. तारांच्या खाली लोहचुंबक असतो व त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार हलली म्हणजे चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. हा प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातो. खर्जाचा नाद उमटविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून बेसच्या ध्वनिवर्धकाचा कर्णा मोठा व दणकट असावा लागतो.

आता वादनाविषयी. आमच्या गावी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद आहे. त्यांचा बेसवादक नोकरीनिमित्त पुण्यास गेला, तेव्हा “सर, तुम्हांला स्वरज्ञान आहे, तुम्हीच या,” असे म्हणून त्यांनी ते वाद्य माझ्या हाती दिले. चार महिने मी कसून मेहनत केली आणि पहिल्याच कार्यक्रमात, जे जे शिकलो होतो ते सर्व एकाच गाण्यात वाजवून टाकले. ताना घेतल्या, वरच्या पडद्यांवर धावलो, दोन ओळींमधली प्रत्येक रिकामी जागा भरून काढली. पस्तीस वर्षे वर्गात माझाच आवाज ऐकला जात असे. ती सवय बोटांतही उतरली असावी. गायिका एकदा अडखळली, दोनदा अडखळली आणि अंतऱ्यात चक्क बेसूर झाली. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली. शाळेत ती माझीच विद्यार्थिनी. खाली मान घालून म्हणाली, “सर, तुम्ही छान वाजवलंत. पण मला सा सापडेना.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी केवळ दोनच स्वरांचा अभ्यास आरंभिला : षड्ज व पंचम. समेवर षड्ज बरोबर पडला पाहिजे, ड्रमवाल्याचा मोठा ढोल आणि माझी तार यांचा एकच ठोका ऐकू आला पाहिजे, आणि पुढचा स्वर येईपर्यंत मागचा बोटाने दाबून थांबविला पाहिजे. हे थांबविणेच कठीण. नवशिक्याला वाटते की तार छेडणे म्हणजे वादन. परंतु खर्जाचा नाद लांबत राहिला तर पुढच्या स्वरात मिसळून सगळा चिखल होतो. दोन्ही हातांची निम्मी बोटे तारा गप्प ठेवण्यातच गुंतलेली असतात.

अमेरिकेत जेम्स जेमर्सन नावाचे थोर बेसवादक होऊन गेले. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या १९६० नंतरच्या असंख्य तबकड्यांवर त्यांचेच वादन आहे. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तार छेडीत. त्या तबकड्या घरोघरी वाजल्या. पण वेष्टनांवर वादकांची नावे छापण्याची रीत त्या कंपनीत नव्हती. १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर त्यांचे नाव छापले गेले, तोवर त्यांच्या कीर्तीचा काळ सरत आला होता. तार तुटल्यावाचून ती बदलण्यास ते तयार नसत, असेही सांगतात.

कोकणातल्या वादकाला मात्र असा हट्ट परवडत नाही. आमच्याकडे खारी हवा आणि घामेजलेली बोटे यांमुळे तारांवर दोन महिन्यांत गंज चढतो. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार वरून व खालून कोरड्या सुती फडक्याने पुसावी. एवढ्याने तिचे आयुष्य पुष्कळ वाढते. जाड तारेवर दुसऱ्या तारेचे वेढे असतात व त्यांच्या फटींत मळ साठून नाद बोदा होतो. अशा तारा काढून दहा मिनिटे पाण्यात उकळल्या, तर काही दिवस त्या पुन्हा खणखणीत बोलतात. हा प्रयोग मी घरातील चहाच्या पातेल्यात केला आणि त्यापायी मला स्वतंत्र पातेले विकत आणावे लागले.

खरी काळजी घ्यावयाची ती दांडीची. चार तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर-ऐंशी किलोग्रॅम असतो. एखादा धडधाकट मनुष्य दांडीला अहोरात्र लटकत आहे अशी कल्पना करा. हा ताण तोलण्यासाठी लाकडाच्या आत पोलादी सळई बसविलेली असते. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन दांडी वाकली, की तारा पडद्यांपासून दूर जातात व बोटांना कष्ट पडतात. अशा वेळी पहिल्या व शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी व मधल्या सातव्या-आठव्या पडद्याशी पाहावे. तेथे भेटकार्डाच्या जाडीएवढी फट असली म्हणजे ठीक. फट जास्त असेल तर सळईचा नट किल्लीने पाव फेरा आवळावा आणि पुन्हा पाहावे. अधिक जोर केल्यास सळई तुटते, व मग दांडीच निकामी होते. मी पहिल्या पावसाळ्यात उतावीळपणे पूर्ण फेरा दिला होता. लाकडातून आलेला करकर आवाज अद्याप माझ्या कानांत आहे. सुदैवाने सळई वाचली.

हौशी वादकाला सार्वजनिक कार्यक्रम मिळाला, म्हणजे वादकांच्या बोलीत ‘सुपारी’ मिळाली, की आनंदाच्या भरात तो एक गोष्ट विसरतो. मांडवात वीज कोठून तरी ओढून आणलेली असते. तिला अर्थिंग नसेल, तर तारांवर हात असताना ओठ मायक्रोफोनला लागताच विजेचा झटका बसू शकतो. १९७२ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी येथे, लेस हार्वी नावाचा तरुण गिटारवादक अशाच रीतीने रंगमंचावर मृत्यू पावला. एका पावसाळी संध्याकाळी आमच्या मांडवातही मायक्रोफोनला टेस्टर लावताच दिवा उजळला. श्रोते बसले होते, आयोजक घाई करीत होते. आम्ही वाद्ये खाली ठेवली, वायरमनला बोलाविले आणि अर्थिंगची तार जोडली जाईपर्यंत पाऊण तास एकही सूर लावला नाही. लोकांनी टाळ्या पिटून आमची पुष्कळ थट्टा केली.

त्या दिवशी कार्यक्रम चांगला झाला. गायिका एकदाही मागे वळून पाहत नव्हती. शेवटी मी वायरी गुंडाळीत असताना पहिल्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ जवळ आले व आस्थेने म्हणाले, “सर, तुम्ही तिथे उभे होता हे मी पाहिलं. पण तुम्ही वाजवीत काय होता?”

माझ्या आधी गायिकेलाच हसू फुटले.