काचेतला समुद्र आणि विजेचा दिवा

उद्यमबागेतील माणसाला विजेचे मोल निराळे सांगावे लागत नाही. येथे लेथ फिरला तर घरची चूल पेटते, आणि ऐन कामात लाइट गेली की मालक व कामगार दोघांचेही तोंड उतरते. असे असूनही विजेचा एक धडा आम्हांला कारखान्यात नव्हे, तर घरच्या दिवाणखान्यातील काचेच्या टाकीने शिकविला. तो आपल्या सभासद-कुटुंबांच्या उपयोगी पडावा म्हणून या स्मरणिकेत लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाखातर आम्ही तीन फुटी टाकी घेतली. तयार समुद्री मीठ कालवून खारे पाणी केले आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी सोडली. विकणाऱ्याने सांगितले, ‘समुद्राची टाकी म्हणजे दिवा जबरदस्त हवा.’ आम्ही विश्वासाने २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा टांगला. टाकी झगमगली, पण महिनाअखेरीस बिल पाहून घरात शांतता पसरली. पुढे वैशाखात दुपारी पाणी ३१ अंशांच्या वर गेले आणि एका सकाळी जोडीतला एक मासा तळाशी आढळला. धाकट्याने विचारले, “आपण दिवा लावला म्हणून मासा मेला का?” उत्तर ‘होय’ असेच होते. बेळगावची हवा थंड खरी. परंतु एवढी मोठी शेगडी डोक्यावर टांगल्यावर हवेने तरी काय करावे?

मग आम्ही या विषयाच्या मुळाशी गेलो. समुद्री टाकीला प्रखर दिवा हवा, ही समजूत आली कोठून? ती आली प्रवाळांमुळे. प्रवाळ दिसते दगडासारखे किंवा झाडासारखे, पण तो आहे प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानास देते. पाणी फार तापले की हे भाडेकरू घर सोडतात, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. म्हणजे प्रवाळाला उजेड भरपूर हवा, पण उष्णता नको.

समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा सर्वांत खोल जातो. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या या पठाराचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे, आणि तेथील प्रवाळ अशाच निळसर उजेडावर जगते. म्हणूनच प्रवाळाच्या दिव्यात निळा रंग मुख्य असतो. पूर्वी असा उजेड मेटल हॅलाइड किंवा टी-५ नळ्यांतून मिळे. पुढे जपानात निळा एलईडी साधला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घरातला पांढरा एलईडी बल्बही बहुधा त्याच निळ्या चिपवर पिवळा लेप देऊन बनतो.

आता हिशेब मांडू. दिवा रोज आठ तास लागतो असे धरावे. मेटल हॅलाइड बॅलास्टसह सुमारे २८० वॅट खातो. महिन्याला ६७ युनिटे झाली. प्रवाळाच्या टाकीस ९० वॅटचा एलईडी घेतला तर २२ युनिटांच्या आत भागते. आणि केवळ मासेच असतील, तर १८ वॅटची साधी एलईडी पट्टी पुरते. महिन्याला साडेचार युनिटेही होत नाहीत. माशाला उजेड लागतो तो दिवस-रात्र ओळखण्यापुरता. त्याचे अन्न आपण वरून टाकतो. आमची चूक नेमकी येथे होती. टाकीत प्रवाळ एकही नव्हते, आणि दिवा मात्र प्रवाळाचा! दुसरी गंमत अशी की, २० वॅटचा पंप चोवीस तास चालून महिन्याला १४ युनिटे खातो. तेव्हा पंपही पारखून घ्यावा.

वाचक म्हणतील, मग प्रवाळच का आणू नये? येथे कायदा आड येतो, आणि तो योग्यच आहे. रीफ बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ती समुद्रातून काढणे वा विकणे या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. ‘मालवणकडचा तुकडा स्वस्तात देतो’ असे कोणी म्हटले, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे. प्रवाळ पाहावयाचे तर मालवणास जाऊन पाण्यात पाहावे, हात न लावता. क्लाउन माशांचे मात्र तसे नाही. त्यांची पैदास टाकीत करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसविले आहे. पैदाशीचा मासा घ्यावा, समुद्रातून पकडलेला नको.

आपली काही कुटुंबे परदेशी आहेत. तेथे टाकीतच वाढविलेली प्रवाळे कायदेशीर मिळत असतील, तर दिवा घेताना त्यांनी ल्यूमेनच्या आकड्यावर जाऊ नये. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, आणि आपल्या डोळ्यास निळा रंग कमीच जाणवतो. प्रवाळासाठी ‘पार’ नावाचे माप पाहावे : मऊ प्रवाळास साधारण ५० ते १५०, बहुतेक कठीण प्रवाळांस २०० ते ३५०. निळा व पांढरा रंग वेगवेगळा कमीजास्त करता यावा. नवा दिवा पहिल्या दिवशी मंद ठेवून काही आठवड्यांत वाढवावा, नाहीतर प्रवाळ भाजते.

आता सर्वांसाठी दोन शब्द. एलईडीच्या खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असते. रोज आठ तासांनी ती सतरा वर्षे होतात. पण खाऱ्या वाफेने पंखा आणि ड्रायव्हर त्याआधीच जातात. म्हणून ॲल्युमिनियमचे जाड हीटसिंक आणि सुटे भाग मिळण्याची सोय पाहावी. आपल्या उद्यमबागेतील हातांना त्याची पारख सांगावयास नको. दिव्याला टायमर लावावा. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, म्हणून टाकीच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न शिरता झोळातून खाली गळेल. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर दिवा नव्हे, पंप ठेवावा. मासा अंधारात दिवसभर सहज राहतो, हवेवाचून नाही.

उरलेला आमचा मासा पुढे साध्या पट्टीखाली कित्येक वर्षे जगला, आणि धाकटा टाकीचा टायमर स्वतः लावू लागला. बिलातून जे वाचले ते महिन्याच्या महिन्याला थोडेच, पण वर्षाअखेरीस एखाद्या विद्यार्थ्याच्या वह्या-पुस्तकांना पुरेल इतके होते. ज्याला जेवढे लागते तेवढेच द्यावे आणि उरेल ते गरजूकडे वळवावे, हा धर्मादाय संस्थेचा साधा नियम. तो घरच्या दिव्यालाही लागू पडतो, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.